पांघरविलेले वेड

‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी इतकी रुळलेली आहे की, तिच्या पोटातील एका गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वेड ही पांघरता येण्याजोगी वस्तू आहे, असे ही म्हण गृहीत धरते. मग मनुष्य जी वस्तू स्वतः पांघरू शकतो, ती त्याला दुसऱ्याच्या अंगावर घालता येईल की नाही? आणि जिच्या अंगावर ती घातली, तिला काही दिवसांनी हे आपलेच वस्त्र आहे असे वाटू लागेल की नाही? या दोन्ही प्रश्नांस होकारार्थी उत्तर देणारे एक इंग्रजी नाटक आहे. त्याचे नाव पुष्कळांच्या कानांवर आहे. परंतु ते वाचलेल्यांची संख्या त्या मानाने फारच थोडी असावी. पॅट्रिक हॅमिल्टन यांचे ‘गॅस लाइट’ हे ते नाटक होय.

प्रथम या नाटकाचा इतिहास थोडक्यात सांगणे अवश्य आहे. १९३८ च्या डिसेंबरात लंडननजीकच्या रिचमंड येथील नाट्यगृहात ते प्रथम रंगभूमीवर आले, आणि १९३९ च्या आरंभी लंडनच्या अपोलो नाट्यगृहात दाखल झाले. १९४१ साली ‘एंजल स्ट्रीट’ या नावाने ते न्यूयॉर्कमध्ये गेले व तेथे त्याचे १,२९५ प्रयोग झाले. १९४० साली थोरोल्ड डिकिन्सन यांनी इंग्लंडात आणि १९४४ साली जॉर्ज क्यूकर यांनी अमेरिकेत त्याचे चित्रपट केले. दुसऱ्या चित्रपटातील नायिकेच्या भूमिकेबद्दल इंग्रिड बर्गमन यांस ऑस्कर पारितोषिक मिळाले. पुढे नाटकाच्या नावावरून ‘गॅसलाइटिंग’ हे क्रियावाचक नाम इंग्रजीत रूढ झाले, आणि २०२२ साली मेरियम-वेबस्टर या अमेरिकन कोशाने तोच त्या वर्षाचा शब्द म्हणून निवडला. एखाद्या नाटकाचे नाव भाषेत शब्द म्हणून शिरावे, हे भाग्य फार थोड्या कृतींच्या वाट्यास येते. मात्र अशा भाग्याबरोबर एक आपत्तीही येते. शब्द सर्वतोमुखी होतो आणि कृती न वाचताच समजली असे सर्वांस वाटू लागते. म्हणून ही कृती पुन्हा वाचून, अंगाला हात न लावता माणसाचा छळ कसा होतो आणि तो वेळीच कसा ओळखावा, याविषयी ती काय शिकविते व काय शिकवीत नाही, हे पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

कथानक असे : काळ १८८० च्या सुमाराचा, स्थळ लंडनमधील एक मध्यमवर्गीय घर. जॅक मॅनिंगहॅम व त्याची पत्नी बेला ही दोघे तेथे राहतात. घरातल्या वस्तू नाहीशा होतात, आणि त्या बेलानेच लपविल्या असे पती सांगतो. बेलाची आई वेड लागून वारली होती; त्यामुळे आपणही त्याच वाटेने चाललो आहोत, ही भीती बेलाच्या मनात घर करून बसली आहे. रोज सायंकाळी जॅक बाहेर जातो. तो गेल्यावर थोड्या वेळाने खोलीतील गॅसचा दिवा मंद होतो, आणि वरच्या कुलूपबंद मजल्यावर पावले वाजतात. एके संध्याकाळी रफ नावाचा निवृत्त पोलीस अधिकारी घरी येतो. पंधरा वर्षांपूर्वी याच घरात एका वृद्ध स्त्रीचा तिच्या माणकांसाठी खून झाला; तो खुनी जॅकच असून, न सापडलेली माणके तो रोज रात्री मागच्या बाजूने येऊन वरच्या मजल्यावर शोधीत असतो, हे रहस्य तो बेलापुढे उलगडतो. अखेर खुनी पकडला जातो.

एवढ्यावरून हे केवळ गुप्त पोलिसी नाटक आहे असे कोणी म्हटले, तर त्यास दोष देता येणार नाही. खुद्द लेखकानेही ‘व्हिक्टोरियन काळातील थरारनाट्य’ अशाच अर्थाचे उपशीर्षक त्यास दिले आहे. परंतु पहिल्या अंकाचा आरंभीचा भाग, म्हणजे रफचा प्रवेश होण्यापूर्वीचे ते पतिपत्नींचे संभाषण, निराळ्याच प्रतीचे आहे. त्यात खून नाही, माणके नाहीत, पोलीस नाही. चहाची वेळ, शेकोटी आणि एक पुरुष व एक स्त्री एवढेच आहे. आमच्या मते नाटकाचे खरे वैभव या थोड्याशा पृष्ठांत साठविलेले आहे.

तेथे घडते काय ते पाहावे. शेकोटीत कोळसा घालावयाचा आहे. बेला म्हणते की एवढ्यासाठी मोलकरणीस कशाला बोलवावयाचे, आपणच घालू. यावर पती तिला नोकरांशी कसे वागावे याचा पाठ देतो. आवाज चढलेला नाही; समजावणीचा सूर आहे. मग नॅन्सी ही तरुण मोलकरीण आल्यावर तो तिच्या रूपरंगाविषयी पत्नीच्या देखत थट्टामस्करी करतो. नॅन्सी गेल्यावर बेलास दुःख झाल्याचे दिसताच, तिने ही साधी गोष्ट मनास लावून घेतली याचेच तो नवल करतो. लगेच पुढे तिला नाटकास नेण्याचे वचन देतो. बेला हर्षाने मोहरून जाते. इतके दिवस आपणच त्याच्याविषयी वाईट कल्पिले असे तिला वाटते. आणि तिच्या आनंदाचा असा पूर्ण फुलोरा झाला असता, त्याच क्षणी त्याची नजर भिंतीवरील रिकाम्या जागेकडे जाते. तेथील तसबीर नाहीशी झालेली असते.

पुढचा प्रसंग तर अभ्यासण्याजोगा आहे. दोन्ही नोकरबायांस बोलावून, तसबिरीस आपण हात लावला नाही अशी बायबलवर शपथ घ्यावयास तो लावतो. म्हणजे धनिणीचा अपराध नोकरांच्या साक्षीने शाबीत होतो. मग तो बेलास तसबीर शोधून आणण्याची आज्ञा करतो. पूर्वी ती जेथे सापडली होती तेथेच बेला जाऊन पाहते, आणि तेथेच ती मिळते. झाले! ती सापडली हाच तिच्याविरुद्ध पुरावा ठरतो. ठेविली नसती तर सापडली कशी? आता ती सापडली नसती तर काय झाले असते, याचा विचार वाचकाने करावा. तेव्हाही अपराध तिचाच झाला असता. ज्या प्रश्नाची दोन्ही उत्तरे एकाच माणसास दोषी ठरवितात, तो प्रश्न विचारणाराला उत्तर नकोच असते. आमच्या मते अशा छळाची पहिली ओळखण्याजोगी खूण हीच होय.

आता या प्रवेशातील जॅकचे एकेक वाक्य सुटे काढून न्यायाधीशापुढे ठेविले तर काय होईल? नोकरांशी कसे वागावे हे सांगणे अपराध नव्हे. मोलकरणीशी थट्टा करणे असभ्य खरे, पण तेवढ्याने कोणास शिक्षा होत नाही. नाटकास नेण्याचे वचन देणे हा तर सद्गुणच. हरवलेल्या वस्तूची चौकशी करणे हे गृहस्थाचे कर्तव्य. अशा रीतीने प्रत्येक कृत्य निर्दोष ठरून सर्वांची बेरीज मात्र घोर अपराध होते. शारीरिक मारहाणीत एक तडाखा हा स्वयंपूर्ण पुरावा असतो. येथे पुरावा क्रमात असतो. आधी अपमान, मग गोंजारणे, मग पुन्हा पहिल्यापेक्षा मोठा अपमान. आणि दर फेरीस पीडित व्यक्ती एक पाऊल मागे सरलेली. हा क्रम दाखविण्यास नाटक व कादंबरी यांच्याइतके समर्थ साधन दुसरे नाही, कारण क्रम हाच त्यांचा प्राण आहे.

क्रमाइतकीच दुसरी खूण बेलाच्या ठायी पाहावी. छळ ओळखू इच्छिणारे बहुधा छळणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतात आणि तेथे त्यांस सभ्य गृहस्थाचा चेहरा दिसतो. हॅमिल्टन आपली दृष्टी बेलाकडे वळवितात. ती वाक्य अर्धे बोलते आणि पतीच्या मुद्रेकडे पाहून उरलेले बदलते. अपराध काय झाला हे कळण्यापूर्वीच ती क्षमा मागते. तिला आलेले नातलगाचे पत्र तिच्या हाती पडतच नाही. ते पतीच्या मेजात कुलपाआड राहते. हरवले म्हणून जिच्यावर ठपका ठेविला ते तिचे घड्याळही तेथेच निघते. परंतु त्या कुलपाहून मोठे कुलूप तिच्या मनास लागलेले असते. दिवा मंद होतो हे ती रोज पाहते, पावले रोज ऐकते, आणि ही गोष्ट कोणासही सांगण्यास धजत नाही. कारण सांगितले तर ते वेडाचे आणखी एक लक्षण ठरेल. ज्या दिवशी मनुष्य आपल्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट खरी मानण्यास दुसऱ्याची परवानगी शोधू लागतो, त्या दिवशी छळ पूर्णत्वास गेला असे समजावे.

येथे रूढ झालेल्या शब्दाविषयी एक स्पष्टीकरण करणे आम्हांस अगत्याचे वाटते. पत्नीस भ्रमात पाडण्यासाठी पती दिवा मुद्दाम कमीजास्त करतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. नाटकात तसे नाही. वरच्या मजल्यावर दिवा लाविला की खालच्या दिव्याचा गॅस कमी पडतो, एवढाच त्यातील कार्यकारणभाव आहे. जॅकने तो योजिलेला नाही. दिवा हा जॅकचे हत्यार नसून बेलाचा साक्षीदार आहे. किंबहुना त्या घरात खोटे न बोलणारी तेवढी एकच वस्तू आहे. अत्याचारास ज्या वस्तूचे नाव मिळाले, ती वस्तू मुळात अत्याचाराविरुद्धचा पुरावा होती, हा विरोध लक्षात ठेवण्याजोगा आहे. रफच्या समक्ष जेव्हा दिवा मंद होतो व तोही ते पाहतो, तेव्हा बेलाची सुटका तत्त्वतः तेथेच होते. पुढची अटक हा केवळ व्यवहार आहे. दुसऱ्या एका माणसाने ‘मलाही दिसते’ म्हणणे, एवढेच त्या स्त्रीस हवे होते.

नाटकाचे गुण असे मोठे आहेत. परंतु त्याचा दोषही लहान नाही. तो दोष माणकांचा आहे. जॅक पत्नीस वेडी का ठरवितो? तर तो खुनी आहे, ठेव्यामागे लागला आहे, आणि आपले रहस्य फुटू नये असे त्यास वाटते. या कारणपरंपरेने प्रेक्षकांचे समाधान होते, पण त्यांची दिशाभूलही होते. प्रत्यक्ष संसारात जे पुरुष, आणि क्वचित ज्या स्त्रियाही, आपल्या माणसास असे दीन करून सोडतात, त्यांच्या घरी माळ्यावर माणके नसतात. ‘मला असे वागविण्यात त्यांचा काय फायदा?’ असा प्रश्न पीडित व्यक्ती स्वतःस विचारते, आणि फायदा न दिसल्यामुळे दोष आपलाच असे ठरविते. मोठे कारस्थान शोधणाराला साधी सत्तेची गोडी दिसत नाही. सत्ता हेच माणिक, हे हॅमिल्टन यांच्या नाटकाने सांगितले नाही.

ते सांगितले इब्सेनने, साठ वर्षे आधी. १८७९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘डॉल्स हाउस’ नाटकातील टोर्वाल्ड हेल्मर हा खुनी नाही, चोर नाही, लबाडही नाही. तो बँकेतील प्रतिष्ठित अधिकारी असून पत्नीवर त्याचे, त्याच्या समजुतीप्रमाणे, निस्सीम प्रेम आहे. तो नोरास पाखराची व खारीची लाडकी नावे देतो, तिने गोड खाऊ नये म्हणून नजर ठेवितो, पैसे मोजून हाती देतो, आणि पत्रपेटीची किल्ली स्वतःजवळ बाळगतो. पतीचा जीव वाचविण्यासाठी नोराने पूर्वी एका कागदावर वडिलांची खोटी सही केलेली असते. हे उघडकीस येताच मुले वाढविण्यासही ती अपात्र आहे असे तो सांगतो. आणि संकट टळताच क्षमा करून मोकळा होतो. येथे कारस्थान कोठेच नाही. प्रेम आहे, आणि त्या प्रेमास दुसरे माणूस समोर आहे याचा पत्ताच नाही. हेल्मरला पाहिल्यावर जॅकचे कारस्थान नाटकी वाटू लागते, आणि जॅकला पाहिल्यावर हेल्मरच्या लाडिकपणाचा अर्थ उघड होतो. म्हणून ही दोन नाटके एकमेकांशेजारी ठेवून वाचावी अशी आमची वाचकांस शिफारस आहे. नोरा घर सोडून जाते हा शेवट त्या काळी इतका असह्य वाटला की, जर्मन रंगभूमीसाठी इब्सेनला नाइलाजाने निराळा शेवट लिहून द्यावा लागला. बेला सुटते तेव्हा कोणास राग येत नाही, कारण तिचा पती खुनी आहे. नोराचा पती ‘चांगला’ आहे. त्यामुळे तिच्या सुटकेस समाजाने पुरावा मागितला. छळाचे स्वरूप जितके सभ्य, तितका पुरावा अधिक मागण्याची आपली रीत आहे.

ही रीत आपल्या भाषेतही उतरलेली आहे. जाच, सासुरवास, टोमणे, घालूनपाडून बोलणे असे शब्द मराठीत विपुल आहेत. पण ते बहुधा ज्याचा आवाज शेजारच्या घरात ऐकू जातो अशा छळाचे आहेत. आमच्या रंगभूमीनेही दुःखाचे कारण डोळ्यांस दिसेल असे ठेविले. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त सिंधूच्या संसाराचा नाश कशाने होतो हे प्रेक्षकास विचारावे लागत नाही, प्याला समोर असतो. जेथे प्याला नाही, आरडाओरड नाही, जेथे जावई चारचौघांत गोड बोलतो आणि लेक माहेरी आली असता हसतमुख असते, तेथे काय पाहावे हे आम्हांस कोणी शिकविले नाही. तथापि एक वाक्प्रचार त्याच्या अगदी जवळ जातो : ‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’. त्यात बुक्क्यांपेक्षा तोंड दाबणे महत्त्वाचे आहे, एवढे ध्यानात घेतले म्हणजे बुक्की न मारताही तो मार कसा बसतो ते कळते.

कायद्याने मात्र या बाबतीत साहित्याचा धडा उशिरा का होईना गिरविला आहे. आपल्याकडील कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा २००५ चा अधिनियम २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याच्या तिसऱ्या कलमात शारीरिक व लैंगिक छळाबरोबरच शाब्दिक व भावनिक छळ आणि आर्थिक छळ यांचीही गणना केली आहे. अपमान, उपहास, मूल अथवा मुलगा नाही म्हणून हिणविणे, स्त्रीधन वा घरखर्च अडवून ठेवणे, या गोष्टी आता ‘घरातली बाब’ राहिलेल्या नाहीत. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ इव्हान स्टार्क यांनी २००७ साली आपल्या ग्रंथात, सक्तीच्या नियंत्रणाने माणसाचे स्वातंत्र्यच हिरावले जाते, हा विचार विस्ताराने मांडला. इंग्लंड व वेल्स येथील २०१५ च्या कायद्याने अशा नियंत्रणास स्वतंत्र गुन्हा ठरविले. ते वर्तन वारंवार किंवा सतत झालेले असावे अशी त्या कायद्याची अट आहे. सुट्या कृत्याकडे न पाहता क्रमाकडे पाहावे, हे हॅमिल्टन यांच्या पहिल्या अंकाचे तत्त्व येथे विधिमंडळाने मान्य केले, असे म्हणण्यास हरकत नाही.

क्रमाचा हा आग्रह आणखी एका कारणासाठी आवश्यक आहे. अलीकडे हा शब्द कोणत्याही मतभेदास चिकटविण्याची प्रवृत्ती दिसते. पतीने एकदा खोटे सांगितले, मैत्रिणीने आठवण चुकीची आहे असे म्हटले, की लगेच तो आरोप होतो. हे बरे नव्हे. दोन माणसांस एकच प्रसंग निराळा आठवणे स्वाभाविक आहे, आणि भांडण हे तर बरोबरीचे लक्षण आहे. बेला व जॅक यांच्यात भांडण होतच नाही. भेद ओळखावयाचा तर असे पाहावे : चूक नेहमी एकाच पक्षाची ठरते काय? एकाचे जग दिवसेंदिवस लहान होत चालले आहे काय. पत्रे, माणसे, पैसा, जाणेयेणे, हे एकेक करून सुटत आहे काय? नोकरांपुढे वा पाहुण्यांपुढे तिला लहान करून मग एकांतात गोंजारले जाते काय? आईच्या आजारासारखी विश्वासाने सांगितलेली गोष्ट तिच्यावरच उलटविली जाते काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जी पूर्वी ठामपणे बोलत असे ती आता ‘मला वाटते, पण माझेच चुकत असेल’ असे म्हणू लागली आहे काय? भांडणात माणूस आपले म्हणणे गमावत नाही. येथे तो म्हणणारासच गमावतो.

नाटकाचा शेवटचा प्रवेश प्रसिद्ध आहे. जॅकला खुर्चीस बांधले असता बेला त्याच्याशी एकांतात बोलण्याची परवानगी मागते. दोर कापून आपणास सोडवावे म्हणून तो तिची विनवणी करतो. तेव्हा ती वेडीचे सोंग घेते. मी वेडी असल्यामुळे मला काहीच सापडत नाही, माझ्याने तुमची सुटका कशी होणार, अशा आशयाचे बोलते. त्याने तिच्या अंगावर घातलेले पांघरूण ती एकवार स्वतःच्या हाताने पांघरते आणि तेच त्याच्यावर उलटविते. रंगभूमीवर हा प्रवेश टाळ्या घेतो यात नवल नाही. पण टाळ्यांच्या भरात एक गोष्ट विसरू नये. हा सूड बेलास घेता आला तो रफ आधी येऊन गेला म्हणून. आणि रफ तरी आला तो बेलासाठी नव्हे. पंधरा वर्षांपूर्वीच्या खुनाचा तपास अपुरा राहिला होता म्हणून. त्या घरात पूर्वी खून झाला नसता, तर बेलाच्या दारी कोणीही आले नसते.

नाटककाराने दिलेल्या सुखान्ताहून हा विचार अधिक खरा व अधिक जाचक आहे. बहुतेक घरांत खून झालेला नसतो. तेथे रफचे काम कोणी करावयाचे? भावाने, मैत्रिणीने, शेजारणीने, आणि ‘संसार आहे, चालायचेच’ असे म्हणण्याची ज्यांस सवय झाली आहे अशा वडीलधाऱ्यांनी. त्यास पोलिसी बुद्धी लागत नाही. रफने केले ते इतकेच की, तो बसला, त्याने विचारले, बेला सांगत होती ते ऐकून घेतले आणि दिवा मंद झाल्यावर आपणासही तो मंद दिसतो असे सांगितले. ज्या वाचकाने हे नाटक नीट वाचले, त्याला आपल्या ओळखीच्या एखाद्या घरातील दिव्याकडे पुन्हा एकदा पाहावेसे वाटेल. तसे वाटले तर त्याने ते आपल्याशीच ठेवू नये. ज्या व्यक्तीने ते रोज पाहिले असेल, तिच्याजवळ जाऊन बोलावे.